बडीशेपेच्या ताटलीपलीकडे : परदेशात टीप कुणाला, किती आणि कशी द्यायची

सांगलीत जेवण झालं की बिल बडीशेपेच्या ताटलीत येतं. पैसे ठेवायचे, मोड परत आली की त्यातली दहा-वीसची नोट तशीच सोडायची, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायची आणि उठायचं. किती ठेवायचे याचा हिशोब कुणी करत नाही. काहीच नाही ठेवलं तर वेटर फार तर ताटली जरा जोरात उचलतो.

गेल्या महिन्यात तासगावचे अण्णा घरी आले होते. बेदाण्याचा व्यवहार, मुलगा डॅलसला, नवरा-बायको पहिल्यांदाच निघालेत. त्यांचं खातं माझ्या शाखेत होतं, त्यामुळे मी निवृत्त झाले तरी सल्ल्याला अजून माझ्याकडेच येतात. व्हिसा, विमा, औषधं असं सगळं विचारून झालं आणि उठता उठता म्हणाले, "मॅडम, पोरगं म्हनतंय तिथं हाटेलात बिलाच्या वर अठरा टक्के द्यायला लागत्यात. ही काय जीएसटी हाय का काय?"

मग पुन्हा चहा टाकला. त्या तासाभरात त्यांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, अण्णांना न लागणारे दोन-चार देश त्यात जास्तीचे घालून.

आधी बघायचं : पगार कोण देतं?

फ्रेंच लोक टीपेला 'पूरब्वार' म्हणतात, म्हणजे पिण्यासाठी. जर्मनांचं 'ट्रिंकगेल्ड' म्हणजे पिण्याचे पैसे. रशियातलं 'चायेविये' तर सरळ चहाचे पैसे. आपलं 'चहापाण्याला ठेवा' याच कुळातलं. इजिप्तमध्ये 'बक्शीश' हाच शब्द आहे. फारसीतून तो तिकडे गेला तसाच आपल्याकडे येऊन बक्षिसी झाला. शब्द सगळे सख्खे, पण त्यामागचा हिशोब सावत्र.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. पण ज्याला टीप मिळते त्या कामगाराला मालकाने २.१३ डॉलर दिले तरी चालतात. बाकीचे टीपेतून सुटतात असं धरलेलं असतं, आणि नाही सुटले तर फरक मालकाने भरायचा. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. मी बँकेत लागले तेच साल. माझा पगार तिथेच थांबला असता तर युनियनने शाखेचं शटर वर जाऊ दिलं नसतं. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, पण टेक्सासमध्ये हे २.१३ च चालतात. म्हणजे अण्णा डॅलसला जी टीप देणार तो उपकार नाही. जेवणाच्या किमतीतला जो भाग मेन्यूवर छापलेला नाही तो ते भरणार आहेत.

फ्रान्समध्ये उलटं. मेन्यूवरच्या किमतीत सेवेचे पैसे कायद्यानेच धरलेले असतात. जपानमध्ये चांगली सेवा हा कामाचाच भाग, त्यावर वेगळे पैसे दिले की समोरचा गोंधळतो. म्हणून देश कुठलाही असो, खिशात हात घालण्याआधी दोनच गोष्टी बघायच्या : इथे वेटरचं घर मालकाच्या पगारावर चालतं की गिऱ्हाइकाच्या? आणि ते पैसे बिलात आधीच धरलेत का?

निघण्याआधी : सुट्या नोटा

ही पायरी सगळे विसरतात. परकीय चलन घ्यायला गेलं की हातात शंभर आणि पन्नासच्या नोटा पडतात. मला सांगलीत एक डॉलरची एकही नोट मिळाली नव्हती. त्यामुळे चलन घेताना आधीच सांगून ठेवायचं की एक आणि पाचच्या नोटा हव्यात. नाहीच मिळाल्या तर उतरल्यावर विमानतळावर पाण्याची बाटली घेऊन वीसची नोट मोडायची. नुसतं फॉरेक्स कार्ड घेऊन निघालात तर सामान उचलणाऱ्याच्या हातावर काय ठेवणार?

डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच आकाराच्या आणि जवळजवळ एकाच रंगाच्या असतात. आपल्याला शंभरची जांभळट आणि पाचशेची करडी बघायची सवय, तिथे घाईत एकच्या जागी वीसची नोट सहज जाते. मी लग्नात आलेली आहेराची तीन रिकामी पाकिटं नेते. एकावर पेनाने '१', दुसऱ्यावर '५', तिसऱ्यावर 'बाकी'. बाहेर पडताना पहिल्या दोन पाकिटांतल्या चार-चार नोटा वरच्या खिशात. रस्त्यात पाकीट उघडून मोजत बसायची वेळच येत नाही. अण्णांच्या मंडळींना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी माझ्याकडचीच तीन पाकिटं मागून नेली.

दुसऱ्या देशाची नाणी टीप म्हणून कधी देऊ नका. युरोपातून उरलेली युरोची नाणी आपण इजिप्तमध्ये वाटली तरी तिथल्या बँकेत ती बदलून मिळत नाहीत.

बिल आलं की आधी वाचा

आपण खालचा आकडा बघतो आणि पैसे काढतो. बाहेर वरपासून वाचायचं. 'सर्व्हिस चार्ज' दिसला की टीप दिल्यातच जमा. फ्रान्समध्ये 'सर्व्हिस कोंप्री' म्हणजे सेवा धरलेली. इटलीत 'कोपेर्तो' नावाची ओळ दिसेल. माणशी एक ते तीन युरोचा तो बैठकीचा आकार, टीप नव्हे, पण तो दिला की वर फार देण्याची गरज उरत नाही.

सिंगापूरमध्ये मेन्यूवर किमतीपुढे '++' असं असतं. पहिला प्लस १० टक्के सेवाशुल्क, दुसरा ९ टक्के जीएसटी, आणि हा जीएसटी सेवाशुल्कासकट रकमेवर लागतो. म्हणजे १०० डॉलरचं जेवण ११९.९० ला पडतं. त्यावर आणखी टीप ठेवलीत तर ती तुमची हौस. बालीतही कर आणि सेवा मिळून २१ टक्क्यांपर्यंत बिल फुगतं.

आपल्या देशातलंही सांगून टाकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलने बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. पुण्या-मुंबईत अशी ओळ दिसली तर काढायला सांगता येते. मी सांगते. बरोबरचे लोक लाजतात, मी लाजत नाही.

अमेरिका : कागद आणि पेन घेऊन

इथे जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडचे निम्मे लोक तिकडेच चाललेत.

बसून जेवलात, कुणी ऑर्डर घेतली, कुणी आणून वाढलं, की १८ ते २० टक्के. १५ म्हणजे सेवा बरी नव्हती असा निरोप. काहीच न ठेवणं म्हणजे भांडण. काउंटरवर उभं राहून कॉफी घेतली, बर्गर पिशवीत घालून नेला, तर काही लागत नाही. पण हल्ली काउंटरवरचा स्क्रीन आपल्याकडे वळवतात आणि त्यावर १८, २०, २५ अशी बटणं असतात. मागे रांग, समोर कॉलेजातली मुलगी हसत उभी. खाली बारीक अक्षरात 'नो टिप' असतं, ते दाबायचं. कुणी काही म्हणत नाही, मी दाबलंय.

आता बसून जेवल्यावरचं बिल बघा. काळ्या पाकिटात येतं. डॅलसमध्ये चौघांचं जेवण ६८ डॉलरचं झालं असं धरू. त्यावर ८.२५ टक्के विक्रीकर, म्हणजे ५.६१. बेरीज ७३.६१. पाकिटात कार्ड ठेवलं की वेटर ते घेऊन जातो. इथेच आपला जीव वर-खाली होतो, पण तिथे अशीच पद्धत आहे. परत येताना तो दोन पावत्या आणि पेन आणतो. एक प्रत दुकानाची, एक तुमची. दुकानाच्या प्रतीवर खाली तीन रेघा असतात : टिप, टोटल, सही.

टीप काढायची मूळ ६८ वर, करासकटच्या ७३.६१ वर नव्हे. पावतीखाली 'इतकी टीप सुचवतो' म्हणून आकडे छापलेले असतात, ते पुष्कळदा करासकट काढलेले असतात. डोक्यातल्या डोक्यात करायचं तर दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवा : ६.८०, हे झाले १० टक्के. दुप्पट केलं की १३.६०, हे २० टक्के. त्याच्या जरा आत थांबलं की १८. मी टीपेच्या रेघेवर १२.३९ लिहीन आणि टोटलवर ८६.००. टोटल पूर्ण आकड्यात आली की नंतर खात्याचा उतारा तपासताना बरं पडतं. ही बँकेची खोड, सोडून द्या.

रोख टीप ठेवायची असेल तर टीपेच्या रेघेवर आडवी काट मारा, टोटलवर ७३.६१ च लिहा आणि मग सही करा. रेघ कोरी ठेवून सही करू नका. कोरा चेक कुणाला देतो का आपण?

एक घोटाळा इथे हमखास होतो. कार्ड फिरवलं की तुमच्या मोबाईलवर ७३.६१ चा मेसेज येतो. टीप नंतर चढते, त्यामुळे खात्यातून शेवटी ८६ गेलेले दिसतात. लोक घाबरून बँकेत फोन करतात. मी असे फोन घेतलेले आहेत. तो फ्रॉड नव्हे. तुमच्याकडची पावतीची प्रत ठेवा आणि महिन्याअखेर ताडून बघा. आणि मशीनने रुपयांत पैसे घेऊ की डॉलरमध्ये असं विचारलं तर डॉलर निवडा. रुपयांत म्हटलं की त्यांचा दर लागतो, आणि तो कधी आपल्या फायद्याचा नसतो.

जेवणाबाहेरचं भराभर : टॅक्सीला १५ ते २० टक्के, उबरला ॲपमधून, सामान उचलणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर, न्हाव्याला जेवणासारखेच टक्के. कॅनडातही जवळजवळ हाच हिशोब.

आता खास आपल्या आई-वडिलांसाठी. गुडघे दुखोत न दुखोत, विमानतळावर व्हीलचेअर मागितलेली असतेच, कारण भाषेची भीती. ती सेवा फुकट असते. तरी अमेरिकेत ढकलणाऱ्या माणसाला पाच ते दहा डॉलर द्यायची रीत आहे, आणि तो पाऊण तास रांगांतून तुम्हाला सोडवतो तेव्हा ते जड वाटू नयेत. इमिग्रेशन पार झालं, बाहेर मुलगा दिसला, की मग हातात ठेवायचे. येताना आपल्याकडच्या एका विमानतळावर मात्र ढकलणाऱ्याने माझ्याकडे वीस डॉलर 'मागितले'. मागितले की द्यायचे नाहीत. मी शंभर रुपये दिले आणि जय महाराष्ट्र केला.

आणि काउंटरपलीकडे गणवेश दिसला, पोलीस असो, कस्टम असो की इमिग्रेशन, तर नोटेचं नावही काढू नका. त्याला तिथे टीप म्हणत नाहीत, लाच म्हणतात, आणि पुढचा मुक्काम मुलाकडे होत नाही.

युरोप : तोंडाने सांगायचे पैसे

म्युनिकमध्ये मी साडेआठ युरो घालवले. बिल होतं ४१.५०. वेटर कमरेची चामडी पिशवी उघडून टेबलाशीच उभा होता. मी पन्नासची नोट पुढे केली आणि येणारा एकमेव जर्मन शब्द वापरला, 'डांके'. त्याने हसून पिशवी मिटली आणि गेला. नोट देताना 'थँक यू' म्हटलं की 'बाकीचे तुम्हाला' असा तिथे अर्थ होतो, हे मला हॉटेलवर गेल्यावर कळलं. चूक माझी, त्याची नाही.

जर्मनी-ऑस्ट्रियात टीप टेबलावर ठेवून उठायची नसते. पैसे देताना एकूण किती घ्यायचे ते तोंडाने सांगायचं. ४१.५० चं बिल, पन्नासची नोट, आणि म्हणायचं 'पंचेचाळीस', इंग्रजीत चालतं. तो पाच परत देतो. ५ ते १० टक्के पुरतात. सार्वजनिक स्वच्छतागृहात दाराशी बशी ठेवलेली असते, तिच्यात पन्नास सेंट.

फ्रान्समध्ये सेवा किमतीतच आहे, आवडलं तर एक-दोन युरो ठेवा. स्वित्झर्लंडमध्येही तेच, वरची चिल्लर सोडली की झालं.

लंडनमध्ये बिलात १२.५ टक्के 'ऐच्छिक' सेवाशुल्क सर्रास लावलेलं असतं. ऐच्छिक म्हणजे खरंच ऐच्छिक; सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतं. पूर्वी हे पैसे वेटरपर्यंत पोचतात का अशी शंका असायची. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदाच लागू झाला की टीपेची सगळी रक्कम कामगारांनाच गेली पाहिजे. पबमध्ये काउंटरवरून पेला घेतलात तर टीप नाही.

ग्रुप टूर

सांगलीकर युरोप बघतात ते बहुतेक बसमधून. बसचा ड्रायव्हर आणि स्थानिक गाइड यांच्या टीपेसाठी माणशी दिवसाला साधारण दोन युरो असा रिवाज आहे. काही कंपन्या ते आधीच पैशांत धरतात, काही शेवटच्या दिवशी बसमध्ये पाकीट फिरवतात. बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा, "टिप्स धरल्यात का?" आणि उत्तर लेखी घ्या. आमच्या बसमध्ये एका गृहस्थांनी नवव्या दिवशी छापील पत्रक काढून 'सर्व समाविष्ट' हे शब्द मोठ्याने वाचून दाखवले. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण सूर सगळ्या भाषांत सारखाच असतो. बायकोने त्यांच्या वाटचे पैसे गुपचूप पाकिटात टाकले.

क्रूझवर माणशी दिवसाला पंधरा ते वीस डॉलर आपोआप खात्यात चढतात. चौघांच्या आठवड्याच्या सहलीत ही रक्कम पाचशे डॉलरच्या आसपास जाते, तेव्हा तिकिटाच्या किमतीत ती मिळवूनच 'स्वस्त' म्हणा.

दुबई आणि इजिप्त

दुबईत बड्या हॉटेलांच्या बिलात सेवाशुल्क, पालिकेचा आकार आणि ५ टक्के व्हॅट आधीच असतो. वर देण्याची सक्ती नाही. पण बॅग उचलणारा, किराणा दुकानात पिशव्या भरणारा, पेट्रोल भरणारा यांना दोन ते पाच दिरहम द्यावेत. हे लोक कुठून आलेले असतात ते त्यांच्याशी दोन वाक्यं हिंदीत बोललात की कळेल.

इजिप्तमध्ये बक्शीश हा दिवसभराचा व्यवहार. चप्पल ठेवणारा, स्वच्छतागृहात कागद देणारा, मंदिरात बोटाने खांब दाखवून 'फोटो, फोटो' म्हणणारा, सगळ्यांचे हात पुढे. तिथे लहान नोटांचा गठ्ठा हवा आणि मन घट्ट हवं. मागितलेल्या मदतीचे पैसे द्या. न मागता दाखवलेल्या खांबाचे देऊ नका. पंढरपूरला आपण हे सगळं शिकलेलोच असतो.

पूर्वेकडे

थायलंडमध्ये मसाजनंतर ५० ते १०० बाथ त्या बाईच्या हातात द्या, काउंटरवर नको. चीन आणि दक्षिण कोरियात टीप नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही अपेक्षा नाही, कारण किमान वेतनच भरपूर; मात्र ऑस्ट्रेलियात सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी बिलावर १०-१५ टक्के अधिभार दिसला तर दचकू नका.

जपानचं जरा वेगळं. हॉटेलात, टॅक्सीत, कुठेच टीप द्यायची नाही. टेबलावर नाणी राहिली तर विसरलात समजून परत आणून देतील. इझाकाया नावाच्या खाण्यापिण्याच्या ठिकाणी न मागता एक छोटी वाटी पुढे येते आणि बिलात तिचे तीनशे-पाचशे येन लागतात. ती फसवणूक नाही, तो बसण्याचा आकार.

अपवाद एकच. र्योकान म्हणजे जुन्या पद्धतीची सराई. तिथे खोलीत जेवण आणून वाढणाऱ्या बाईंना, वाटलं तर, हजार ते तीन हजार येन देण्याची जुनी चाल आहे. पण उघडी नोट नाही. छोट्या पाकिटात घालून, दोन्ही हातांनी. मी माझं आहेराचं 'बाकी' लिहिलेलं पाकीट काढलं, तर बहिणीने डोळे वटारले. शेवटी भडंगाचं बंद पुडकं दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी कपाळापर्यंत नेलं आणि वाकल्या. जपानमध्ये अशी छोटी भेट चालते. अमेरिकेत मात्र वेटरला टीपेच्या बदल्यात भडंग देऊ नका, कितीही चांगलं असलं तरी.

हॉटेलची खोली

अमेरिकेत खोली साफ करणाऱ्या बाईंसाठी दिवसाला दोन ते पाच डॉलर. रोजच्या रोज ठेवायचे, शेवटच्या दिवशी एकदम नाही, कारण रोज तीच बाई येईल असं नसतं. ठेवायचे उशीवर, खाली 'थँक यू' लिहिलेली चिठ्ठी. नुसते टेबलावर ठेवलेत तर तुमचे विसरलेले पैसे समजून ती हातही लावणार नाही.

हे एवढं सांगून अण्णांना वाटेला लावलं. काल सकाळी सात वाजता, म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ, त्यांच्याकडून बिलाचा फोटो आला. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि हे दोघं, सहा माणसं जेवायला गेली होती. बिलात १८ टक्के आधीच धरलेले, आणि त्याखाली टीपेची आणखी एक कोरी रेघ. सोबत अण्णांचा आवाज : "मॅडम, ह्यात ग्रॅच्युइटी लिवलंय. आमच्या कारखान्यात रिटायर झाल्यावर देत्यात ती हीच का?"

सहा किंवा जास्त माणसं असली की तिथली बरीच हॉटेलं टीप स्वतःच लावून टाकतात आणि तिला ग्रॅच्युइटी म्हणतात. मी उत्तर पाठवलं, "ती नव्हे अण्णा, पण देऊन झालीय. खालच्या रेघेवर काट मारा, सही करा आणि उठा."